जठरव्रण आणि वनस्पतींची परीक्षा

हॉलंडच्या उत्तरेस फ्रीझलंड नावाचा एक प्रांत आहे. गाईगुरांचा आणि दुधालोण्याचा हा मुलूख. तेथील हेरेनव्हेन या गावी दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास रेव्हर्स नावाचे एक डॉक्टर होते. जठराच्या आतील अस्तरास क्षत पडून जो रोग होतो त्यास जठरव्रण म्हणतात. या रोगाने गांजलेले काही लोक, ज्यांना उतार पडण्याची फारशी आशा नव्हती, ते चांगले हिंडूफिरू लागल्याचे रेव्हर्स यांच्या ध्यानात आले. विचारपूस करता असे कळले की, हे लोक गावातल्या एका औषधविक्रेत्याने तयार केलेले औषध घेत आहेत आणि त्या औषधातील मुख्य भाग ज्येष्ठमधाच्या अर्काचा आहे.

अशा प्रसंगी शिकलेला डॉक्टर बहुधा हसतो, आणि भाबडा माणूस लगेच टाळी वाजवतो. रेव्हर्स यांनी दोन्ही केले नाही. तो अर्क त्यांनी आपल्या रोग्यांस देऊन पाहिला, क्ष-किरणांच्या चित्रांवरून व्रण भरून येतो की नाही हे तपासले, आणि १९४६ साली डच वैद्यकीय नियतकालिकात त्यावर एक लेख लिहिला. त्या लेखाचे शीर्षकच प्रश्नार्थक होते: ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रण बरा होतो काय? व्रण भरून येतात, असे त्यांना आढळले होते. पण त्याच लेखनात त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली, आणि माझ्या मते त्यांचा मोठेपणा या दुसऱ्या नोंदीत आहे. अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे पाचांत एकाच्या चेहऱ्यावर आणि हातापायांवर सूज येत असे; कोणास डोकेदुखी होई, कोणास धाप लागे. औषध थांबवले की सूज उतरे.

औषधाचा गुण सांगणारे पुष्कळ असतात. गुणाच्या शेजारी अवगुण त्याच शाईने लिहून ठेवणारे थोडे. या सुजेचा मागोवा घेत ॲमस्टरडॅमचे बोर्स्ट आणि त्यांचे सहकारी १९५० मध्ये अशा निर्णयाप्रत आले की, ज्येष्ठमधाचा अर्क शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतो व पोटॅशियम बाहेर टाकतो. मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी जे कार्य आपल्या स्रावाने करतात, त्याच जातीचे हे कार्य होय. पुढच्याच वर्षी हॉलंडमधील दुसऱ्या एका गटाने, ज्याच्या या ग्रंथी निकामी झाल्या होत्या अशा एका रोग्यावर ज्येष्ठमधाचा प्रयोग करून त्याचे फलित प्रसिद्ध केले. जठराच्या जखमेसाठी घेतलेली मुळी थेट रक्तातल्या मिठाच्या हिशेबात ढवळाढवळ करीत होती.

आपणांस ज्येष्ठमध नवे नाही. गवई लोक ते घशासाठी चघळतात. विड्यातही ते पडते. चरक-सुश्रुतांच्या संहितांत यष्टिमधु या नावाने त्याचा उल्लेख वारंवार येतो. पोटदुखीचा विचारही आपल्या वैद्यांनी बारकाईने केलेला आहे. सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचा माधवनिदान हा ग्रंथ घ्या. अन्न पचू लागले की उठणारा तो परिणामशूल, आणि अन्न पचो वा न पचो, केव्हाही उठणारा तो अन्नद्रवशूल, असा भेद त्यात केलेला आहे. आम्लपित्ताचे प्रकरण तर निराळेच आहे. हे निरीक्षण अस्सल आहे यात शंका नाही. मात्र त्यावरून प्राचीनांस जठरव्रण ठाऊक होता असे म्हणण्यास माझे मन घेत नाही. त्यांनी पाहिला तो शूल; व्रण पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. शूलावर जे औषध चालते तेच व्रणावर चालेल असे नाही, कारण वेदना थांबली तरी जखम उरू शकते. मी वैद्य नव्हे, इतिहासाचा विद्यार्थी आहे, आणि इतिहासात एका काळाचा शब्द दुसऱ्या काळाच्या वस्तूस चिकटवला की काय घोटाळे होतात ते थोडेफार जाणतो.

युरोपातही जखमेचे कारण लवकर उमगले नव्हते. १९१० साली झाग्रेबचे शल्यवैद्य श्वार्ट्स यांनी एक सूत्र मांडले: जेथे आम्ल नाही तेथे व्रण नाही. जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल हेच या जखमेचे मूळ, असा त्याचा अर्थ घेतला गेला आणि पुढील सत्तर वर्षे वैद्यकाने त्या सूत्राची पाठ सोडली नाही. शिकागोचे डॉ. सिपी यांनी १९१५ मध्ये तासातासाला दूध-साय आणि मधूनमधून क्षारांची पूड असा आहार सुचवला. हजारो रोगी आठवडेच्या आठवडे दुधावर पडून राहिले. ज्यांचे त्याने भागले नाही त्यांच्या जठराचा भाग कापून काढीत. कुणाचा व्रण फुटे, कुणास रक्ताची उलटी होई आणि एखादा माणूस दोन दिवसांत जाई. हेरेनव्हेनच्या लोकांनी त्या विक्रेत्याचे दार का ठोठावले हे समजण्यासाठी एवढी पार्श्वभूमी पुरे.

आता प्रश्न असा की, एखादी वनस्पती जठराचे रक्षण करते हे ठरवायचे कसे? माणसाच्या पोटात मुद्दाम जखम करता येत नाही. म्हणून संशोधक उंदराकडे वळले. फिलाडेल्फियाचे हॅरी शे आणि त्यांचे सहकारी यांनी १९४५ मध्ये एक सोपी रीत प्रसिद्ध केली. उंदराला उपाशी ठेवायचे, भूल देऊन त्याचे पोट उघडायचे, जठरातून आतड्याकडे जाणारी वाट दोऱ्याने बांधायची आणि पोट पुन्हा शिवून टाकायचे. जठररस आतल्या आत साठतो आणि रात्र सरते न सरते तोच अस्तरास व्रण पडतात. मग जठर उघडून रस किती साठला ते मोजायचे, आम्ल किती ते काढायचे, भिंगाखाली व्रण मोजून त्यांस एक अंक द्यायचा. काही उंदरांना आधी वनस्पतीचा अर्क पाजलेला असतो, काहींना नुसते पाणी. दोन्हींच्या अंकांत जो फरक पडेल तो त्या वनस्पतीचा गुण.

ही रीत इतकी स्वस्त आणि सुटसुटीत होती की जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली. आपल्याकडे कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्यास देशी औषधींच्या शास्त्रीय परीक्षेचा पाया घातला होता; त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९३३ चा. १९५१ मध्ये लखनौस केंद्रीय औषधी संशोधन संस्था उघडली. वनस्पतींची देशात वाण नव्हती, उंदरांचीही नव्हती.

पण या रीतीत एक मेख होती. उंदराच्या जठराचा पुढचा भाग माणसाच्या जठरासारखा नसतो. त्यात पाचकरसाच्या ग्रंथी नसतात, अस्तर बरेचसे त्वचेसारखे असते. शे यांच्या प्रयोगातले व्रण पडतात ते नेमके याच भागात. माणसाच्या पोटात हा भागच नाही. म्हणजे जी जागा आपणांस नाही, त्या जागेवरील जखम टळली यावरून आपल्या जखमेविषयी अनुमान काढायचे! शास्त्रज्ञांना हे ठाऊक नव्हते असे नव्हे. त्यांनी दुसऱ्याही रीती काढल्या: उंदरास तासन् तास जखडून ठेवणे, ॲस्पिरिन किंवा फिनाइलब्युटाझोन पाजणे, निर्भेळ मद्यार्क देणे. प्रत्येक रीत एका निराळ्या कारणाने जखम करी, आणि म्हणून प्रत्येक रीतीत वनस्पतीला विचारलेला प्रश्नही निराळा असे. ही गोष्ट लक्षात ठेवली म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

त्या काळी फार गाजलेले एक उदाहरण कोबीचे. कॅलिफोर्नियात गार्नेट चेनी नावाचे डॉक्टर गिनीपिगांवर प्रयोग करीत होते. ताज्या कोबीच्या रसात व्रण रोखणारे काही द्रव्य आहे असे त्यांचे मत झाले व त्यांनी त्यास ‘यू’ जीवनसत्त्व असे नाव दिले. १९४९ मध्ये त्यांनी १३ रोग्यांचे वृत्त छापले. या रोग्यांस ते रोज सुमारे लिटरभर कोबीचा रस पाजीत. जठराच्या पुढे लहान आतड्याचा जो पहिला भाग असतो त्यास आद्यांत्र म्हणतात. तेथे व्रण असलेले सात रोगी सरासरी १०.४ दिवसांत बरे झाले, तर जठरव्रणाचे सहा ७.३ दिवसांत. नेहमीच्या उपचारांनी हाच काळ अनुक्रमे ३७ आणि ४२ दिवसांचा लागतो, असे चेनी यांनी दाखवले.

आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण ते ३७ आणि ४२ दिवस आले कोठून? दुसऱ्या डॉक्टरांनी, दुसऱ्या रोग्यांविषयी, दुसऱ्या वेळी लिहिलेल्या वृत्तांतून. सरकारी कचेरीत वीस वर्षे काढलेल्या माणसाला या जातीच्या तुलनेची चांगली ओळख असते. एका जिल्ह्याचे या वर्षीचे आकडे दुसऱ्या जिल्ह्याच्या गतवर्षीच्या आकड्यांशेजारी मांडले की कोणतीही योजना यशस्वी ठरते. या तुलनेतला दोष किती खोल आहे हे १९५२ मध्ये इंग्लंडात दिसून आले. रिचर्ड डॉल यांनी, ज्यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध उघड करण्यात मोठा वाटा उचलला तेच हे डॉल, पिगट यांच्यासह जठरव्रणाच्या रोग्यांची एक चाचणी घेतली. कोणाला रुग्णालयात ठेवायचे व कोणाला घरी, कोणाला झोपेची गोळी द्यायची, कोणाला ‘क’ जीवनसत्त्व, हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या काढाव्यात तसे यदृच्छेने ठरवले. क्ष-किरणांच्या चित्रांवर व्रणाचा आकार मोजला. निष्पन्न काय झाले? गोळीने फरक पडला नाही, जीवनसत्त्वाने पडला नाही. रुग्णालयात नुसते पडून राहिल्याने मात्र व्रण लवकर भरले. नुसत्या विश्रांतीने एवढे होत असेल, तर कोबीच्या रसाचे श्रेय किती आणि सभोवतालच्या शुश्रूषेचे किती हे १३ रोग्यांवरून सांगणे शक्य नव्हते. कोबीतील ते द्रव्य असलेली पोटाची औषधे जपानात आजही विकली जातात. वैद्यकाने मात्र ‘यू’ला जीवनसत्त्वांच्या पंक्तीत कधी बसवले नाही.

याच डॉल यांच्या हाती पुढे ज्येष्ठमधाचे प्रकरण आले. मुळीतील गोड द्रव्यापासून मिळणाऱ्या ग्लिसिऱ्हेटिनिक आम्लावर रासायनिक संस्कार करून लंडनच्या एका प्रयोगशाळेने कार्बेनॉक्सोलोन नावाचे औषध सिद्ध केले होते. डॉल यांनी ते तुलनेच्या गटासह, तितक्याच काटेकोरपणे तपासले आणि १९६२ मध्ये निकाल प्रसिद्ध केला. जठरातील व्रण या औषधाने खरोखरच लवकर भरत. आद्यांत्रातील व्रणावर मात्र त्याचा प्रभाव दिसला नाही. फ्रीझलंडच्या खेडवळ औषधाची बाजू निदान अर्धी तरी न्यायाच्या तराजूवर खरी उतरली होती. जठरव्रण औषधाने लवकर भरून येतो, असे निर्णायक रीतीने सिद्ध झालेल्या पहिल्या औषधांत याची गणना होते, आणि त्याचा उगम एका वनस्पतीच्या मुळात आहे.

रेव्हर्स यांनी नोंदवलेली सूज मात्र या नव्या रूपातही हटली नाही. रक्तदाब वाढे, पोटॅशियम घटे. वृद्धांस आणि हृदयविकाराच्या रोग्यांस हे औषध देताना डॉक्टरांचा हात आखडे. तेव्हा काहींनी युक्ती काढली की, उपद्रव करणारे गोड द्रव्यच मुळीतून काढून टाकावे आणि उरलेला अर्क द्यावा. कल्पना सुरेख होती. १९७८ मध्ये इंग्लंडात या निर्गोड ज्येष्ठमधाची जठरव्रणावर परीक्षा झाली तेव्हा ते औषध आणि औषधासारखी दिसणारी गुणहीन गोळी यांत भरवशाचा फरक आढळला नाही. सूज का येते याचा नेमका उलगडा तर १९८७ मध्ये एडिंबरोच्या संशोधकांनी केला. आपल्या शरीरातील कॉर्टिझोल हा स्राव मूत्रपिंडात एका विकराकडून निष्प्रभ केला जात असतो. ज्येष्ठमध त्या विकराचेच काम बंद पाडते. पहारेकरी झोपला की कॉर्टिझोल मीठ अडवू लागतो. आज ज्येष्ठमधाच्या काढ्याची किंवा चूर्णाची महिनोन् महिने सवय लावून घेणाऱ्या, रक्तदाबाच्या रोग्यास डॉक्टर रागावतात, त्याचे कारण हे आहे.

हे उत्तर मिळेपर्यंत कार्बेनॉक्सोलोनचे दिवस भरले होते. १९७६ मध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडीन ब्रिटनमध्ये बाजारात आले. ते आम्लाची निर्मितीच कमी करी. श्वार्ट्स यांचे सूत्र विजयी झाले असे सर्वांस वाटले, आणि वनस्पतींच्या अर्कांकडे पाहण्याची गरज संपली असेही पुष्कळांनी ठरवले.

भारतात मात्र एक धागा चिकाटीने विणला जात होता, आणि तो होता केळ्याचा. १९६१ मध्ये आपल्या देशातील संशोधकांनी केळे आणि जठररस यांचा संबंध तपासला. १९६३ मध्ये सन्याल, गुप्ता आणि चौधरी यांनी केळे व प्रायोगिक जठरव्रण या विषयावरील आपले निष्कर्ष ब्रिटनमधील औषधशास्त्राच्या नियतकालिकात छापले. त्यापाठोपाठ फिनाइलब्युटाझोनने होणारे व्रण आणि जखडून ठेवल्याने होणारे व्रण यांवर केळ्याचा काय परिणाम होतो हेही त्यांच्या लेखांत आले. ही माणसे साध्या साधनांनी काम करीत होती, आणि त्यांचा विषय परदेशी कारखानदारास भुरळ पडेल असा नव्हता. केळ्याचे एकस्व कोण घेणार?

यांच्या कामाला खरा अर्थ आला तो पुढे. १९७९ मध्ये अमेरिकेत आंद्रे रॉबर्ट यांनी असे दाखवले की, प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये दिली असता उंदराच्या जठराचे अस्तर निर्भेळ मद्यार्क, तीव्र आम्ल, तीव्र क्षार, इतकेच काय उकळत्या पाण्यापुढेही टिकाव धरते. आणि हे आम्ल कमी न करता घडते. लढाईत शत्रूचे बळ घटवणे ही एक गोष्ट, तटबंदी भक्कम करणे ही दुसरी. आतापर्यंत सारे लक्ष पहिलीकडे होते. १९८६ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील गोयल, गुप्ता, शंकर आणि सन्याल यांनी वाळवलेल्या केळ्याच्या पिठाचे प्रयोग प्रसिद्ध केले, ते या तटबंदीच्या दृष्टीने. ॲस्पिरिन, इंडोमेथॅसिन, फिनाइलब्युटाझोन, प्रेड्निसोलोन अशा नाना द्रव्यांनी केलेल्या व्रणांवर त्यांनी ते पीठ आजमावले. व्रण कमी झालेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जठराचे अस्तर जाड झाले आणि त्यातील पेशींची नवनिर्मिती वाढल्याचे आढळले. केळे आम्ल मारीत नव्हते, भिंत बांधीत होते.

दोन वर्षे आधी, १९८४ मध्ये, बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठातील बेस्ट, लुइस आणि नासर हेही याच निष्कर्षाजवळ पोहोचले होते. ॲस्पिरिन देण्यापूर्वी केळ्याचे पीठ दिले तर व्रण टळत, आणि व्रण पडल्यानंतर दिले तर ते भरूनही येत. त्यांच्या तुलनेतील इतर औषधे, सिमेटिडीनसुद्धा, आधी दिली तरच उपयोगी पडली. त्यांना एक अडचणही आली, जी स्वयंपाकघरातील कोणत्याही गृहिणीने त्यांना आधीच सांगितली असती: केळ्याकेळ्यांत फरक असतो! एका खेपेची केळी गुणकारी, दुसऱ्या खेपेची कुचकामाची. शोध घेता गुण भाजीच्या जातीच्या, कच्च्या केळ्यांत दिसला. जळगावच्या गोड पिकलेल्या केळ्याने तोच गुण येईल, असे मानण्यास या प्रयोगांत आधार नाही. वनस्पतींच्या परीक्षेतील ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. अर्काच्या नावापुढे नुसते ‘केळे’ किंवा ‘शतावरी’ लिहून भागत नाही. कोणत्या जातीची, कोणत्या महिन्यात काढलेली, कशी वाळवलेली आणि पाण्यात काढली की मद्यार्कात, हे लिहिल्यावाचून प्रयोग दुसऱ्यास पुन्हा करता येत नाही.

रॉबर्ट यांच्या रीतीविषयीही एक इशारा देणे जरूर आहे, कारण ती आपल्या देशात फारच लोकप्रिय झाली. १९८३ मध्ये खुद्द त्यांनीच दाखवून दिले की, तीव्र मद्यार्कापूर्वी सौम्य मद्यार्क किंवा सौम्य आम्ल पाजले, तरी जठर सावध होऊन आपले रक्षण करते. किंचित चिमटा काढल्यावर माणूस अंग चोरतो तसे. म्हणजे एखाद्या पाल्याच्या अर्काने उंदराचे मद्यार्कापासून रक्षण झाले, तर तो अर्क औषधी आहे असेही असेल, किंवा तो थोडासा जाचक आहे एवढेच असेल. अशा प्रयोगांवर आधारलेले ढिगाने निबंध दरवर्षी छापले जातात आणि प्रत्येकाच्या अखेरीस वनस्पती गुणकारी असल्याचा निर्वाळा असतो. त्यांतील किती चाचण्या पुढे माणसापर्यंत गेल्या हे पाहू जाता मन खट्टू होते. उंदरांचे प्राण गेले ते निराळेच.

इतक्यात सारा पटच उधळला गेला. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांना जठराच्या अस्तरावर एक नागमोडी जंतू सापडला. १९८२ मध्ये त्यांनी तो प्रयोगशाळेत वाढवला. आम्लाच्या त्या डोहात जंतू जगतील हे कोणी खरे मानीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतःच पिऊन जठरदाह ओढवून घेतला. बहुतेक व्रणांच्या मुळाशी हा हेलिकोबॅक्टर जंतू आहे आणि प्रतिजैविकांनी तो घालवला की व्रण सहसा परत येत नाही, हे क्रमाने सिद्ध झाले. २००५ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळाले. चाळीस वर्षे उंदरांच्या पोटात दोरे बांधून जे विचारले गेले त्यात या जंतूविषयी एक अक्षरही नव्हते, कारण त्या उंदरांचे व्रण जंतूंनी झालेलेच नव्हते.

मग वनस्पतींस नवा प्रश्न विचारला जाऊ लागला: तू जंतू मारतेस काय? ग्रीसच्या खिऑस बेटावरील डिंकाची, म्हणजे हकीम ज्यास रुमी मस्तकी म्हणतात तिची, कथा येथे सांगण्याजोगी आहे. १९८४ मध्ये इराकमधील ३८ रोग्यांच्या चाचणीत मस्तकीने आद्यांत्राचे व्रण गुणहीन गोळीपेक्षा पुष्कळच अधिक प्रमाणात भरले होते. १९९८ मध्ये नॉटिंगहॅम येथे मस्तकी काचपात्रातील हेलिकोबॅक्टरला मारते असे दिसले. कोडे सुटले असे वाटले. पण २००३ मध्ये नॉटिंगहॅमच्याच संशोधकांनी ती मोजक्या रोग्यांस दोन आठवडे दिली, तेव्हा त्यांच्या पोटातील जंतू होते तेथेच राहिले. पुढे २०१० मधील एका लहान ग्रीक चाचणीत काही रोग्यांचे जंतू गेले खरे, पण नेहमीच्या औषधांच्या मानाने फार थोड्यांचे. काचेतला विजय आणि पोटातला विजय यांत किती अंतर असते!

तथापि जंतूने सर्व कोडी सुटली असेही नाही. हा जंतू भारतात उत्तरेस आणि दक्षिणेस सारखाच पसरलेला आहे. आद्यांत्राचा व्रण मात्र दक्षिणेच्या भात खाणाऱ्या मुलखात जास्त आणि उत्तरेच्या गहू खाणाऱ्या मुलखात कमी, असे पूर्वीपासून आढळत आले होते. रेल्वेच्या वैद्यकीय खात्यातील डॉ. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून ते मांडले. नोकरी एकच, वैद्यकीय सोय एकच, मुलूख तेवढा निराळा. कचेरीच्या दप्तरातून विज्ञान असेही निघते, याचे मला तरी कौतुक वाटते. पुढे १९७८ मध्ये त्यांनी मुंबईतील रोग्यांचे वृत्त दिले. व्रण बरा झाल्यावर ज्यांना भाताच्या आहारावर ठेवले त्यांच्यापैकी पाच वर्षांत शेकडा ८१ जणांना तो पुन्हा झाला. कोंड्यासकट गव्हावर ठेवलेल्यांपैकी शेकडा १४ जणांना. गट लहान होते, तरी हा फरक झटकून टाकण्यासारखा नाही.

म्हैसूरच्या मिशन रुग्णालयात काम केलेले इंग्रज शल्यवैद्य फ्रॅंक टोव्ही यांनी हाच धागा उचलला. जेथे व्रण कमी तेथील लोक काय खातात ते गोळा करून जयराज, टोव्ही आणि क्लार्क यांनी १९८० मध्ये उंदरांवर तपासले. तेथील कित्येक धान्ये आणि कडधान्ये जठराचे रक्षण करतात असे दिसले. हा गुण त्यांच्या स्निग्धांशात असल्याचे पुढे ठरले, आणि पुढील अभ्यासासाठी सर्वांत समृद्ध म्हणून निवडले गेलेले कडधान्य होते कुळीथ. कोकणात ज्याचे पिठले होते, देशावर ज्यास हुलगा म्हणून गुरांपुढे टाकतात, तोच हा.

आज जंतूमुळे होणारे व्रण ओसरत असून ॲस्पिरिन आणि सांधेदुखीच्या गोळ्यांनी होणाऱ्या व्रणांचा वाटा वाढला आहे. तेथे मारायला जंतू नसतो. प्रश्न पुन्हा तटबंदीचा येतो. म्हणून १९९९ मध्ये लुइस यांनी कच्च्या केळ्यातील ल्युकोसायनिडिन हे द्रव्य ॲस्पिरिनच्या क्षतांपासून अस्तराचे रक्षण करते असे दाखवले, त्याला आणि कुळथाच्या स्निग्धांशाला आज वेगळे महत्त्व आहे. फक्त एक हिशेब ध्यानात ठेवावा लागतो. शंभर ग्रॅम कुळथात स्निग्धांश असतो जेमतेम अर्धा ग्रॅम. प्रयोगशाळेत उंदराला दिला तो वेगळा काढलेला, दाट केलेला अंश. वाटीभर पिठल्यात त्यातला किती येतो, चुलीवर शिजल्यावर किती टिकतो आणि तेवढ्याने रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या साठीच्या माणसाच्या जठराला काही आधार मिळतो काय, हे उंदराला विचारून कळण्यासारखे नाही.